औषधास पत्ता सांगणारीं पेप्टाइडें

मनुष्यास होणारे रोग पुष्कळ आहेत. परंतु शत्रू कोठून येतो ह्या दृष्टीनें पाहिल्यास त्यांचे दोन मोठे वर्ग करतां येतात. हिवताप, पटकी, क्षय ह्यांसारख्या रोगांत शत्रू बाहेरून येतो. तो कितीहि सूक्ष्म असला तरी परका असतो. त्याची घडण आपल्या शरीराच्या घडणीहून निराळी असल्यामुळें, त्यास मारील परंतु आपणांस फारसें दुखवणार नाहीं असें औषध शोधणें शक्य होतें. कर्करोगाची गोष्ट तशी नाहीं. तेथें बंड करणारी पेशी आपल्याच घरांत जन्मलेली असते. ती आपल्याच रक्तावर पोसते, आपल्याच पेशींसारखी दिसते. वाढ केव्हां थांबवावी एवढेंच ती विसरलेली असते. चोर घरचाच असला म्हणजे त्यास ओळखणें कठीण जातें, आणि घरांतील इतर माणसांस धक्का न लावतां त्यास शासन करणें त्याहूनहि कठीण.

म्हणून कर्करोगाच्या उपचारांत नेहमीं दोन प्रश्न असतात. रोगी पेशीस मारावें कशानें, हा पहिला. आणि तें मारक द्रव्य नेमकें तिच्याच दाराशीं न्यावें कसें, हा दुसरा. मारक द्रव्यें विज्ञानास पुष्कळ सांपडलीं आहेत. उणीव आहे ती नेमक्या पत्त्याची. हा पत्ता सांगण्याचें काम पेप्टाइड नांवाचे लहान रेणू कसें करतात, ह्याची माहिती ह्या लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांतील एक महत्त्वाचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतीलच आहे.

तोफेचा मारा

परांड्याचा किल्ला सोनारीच्या मुलांच्या परिचयाचा आहेच. विजापूर येथें असलेली मुलुख-मैदान ही प्रसिद्ध तोफ एके काळीं ह्याच किल्ल्यांत होती. तोफेचा गोळा ज्या ठिकाणीं पडतो, तेथें शत्रू कोण आणि मित्र कोण हें तो विचारीत नाहीं. कर्करोगावरील जुनीं रासायनिक औषधें कांहींशीं ह्या तोफेसारखीं आहेत. १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत नायट्रोजन मस्टर्ड नांवाचें द्रव्य प्रथम एका रोग्यास देण्यांत आलें. तें युद्धांतील विषारी वायूच्या जातीचें होतें. अशीं औषधें जलद विभागणाऱ्या पेशींस मारतात. कर्करोगाच्या पेशी जलद विभागतात हें खरें. परंतु केसांच्या मुळांतील, आंतड्यांच्या अस्तरांतील आणि हाडांच्या मगजांतील निरोगी पेशीहि जलदच विभागतात. म्हणून औषध घेणाऱ्याचे केस गळतात, त्यास वांत्या होतात, रक्त कमी होतें.

एवढ्यावरून ह्या औषधांचा कोणीं तिरस्कार करूं नये. त्यांच्या योगानें असंख्य रोगी बरे झाले आहेत व आजहि होत आहेत. परंतु गोळा शत्रूच्याच अंगावर पडावा ही इच्छा वैद्यांस आरंभापासून होती. पॉल एर्लिख (१८५४–१९१५) ह्या जर्मन शास्त्रज्ञानें अशा औषधास ‘जादूची गोळी’ असें नांव दिलें होतें. जादू अर्थातच नाहीं. जें आहे तें रसायनशास्त्र आहे, आणि तें शाळेंतील मुलांस समजण्याजोगें आहे.

पेप्टाइड म्हणजे काय

डाळ, दूध, अंडीं, मांस ह्यांतून आपणांस प्रथिनें मिळतात हें तुम्ही शिकलां आहां. प्रथिनें हीं अमिनो आम्लांच्या लांब सांखळ्या होत. आपल्या शरीरांतील प्रथिनें मुख्यत्वें वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचीं बनतात. हीं वीस आम्लें म्हणजे वीस अक्षरें समजा. दोन, आठ, चौदा अशीं थोडीं अक्षरें जोडलीं म्हणजे जो शब्द होतो तें पेप्टाइड. शेंकडों अक्षरें जोडून जो ग्रंथ होतो तें प्रथिन. अक्षरें तींच असून क्रम बदलला तर अर्थ बदलतो. ‘नदी’ हा शब्द उलटा लिहिला कीं ‘दीन’ होतो. पेप्टाइडांतहि तसेंच असतें. क्रम बदलला कीं रेणूचा आकार बदलतो, आणि आकार बदलला कीं त्याचें काम बदलतें.

ह्या विषयाचा पाया घालणारा शास्त्रज्ञ एमिल फिशर हा होय. १८९४ सालीं त्यानें अशी उपमा दिली कीं, शरीरांतील विकर आणि तें ज्यावर काम करतें तो पदार्थ हे कुलूप व किल्ली ह्यांप्रमाणें एकमेकांत बसले पाहिजेत. पुढें १९०१ सालीं त्यानेंच दोन अमिनो आम्लें जोडून दाखविलीं, आणि अशा सांखळ्यांस पेप्टाइड हें नांव दिलें. किल्लीची उपमा आणि किल्लीची धातू हीं दोन्ही एकाच माणसानें जगास दिलीं, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

शरीरांतील पुष्कळ पेप्टाइडें निरोप्याचें काम करतात. निरोप्या रक्तांतून सर्वत्र फिरतो; परंतु ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्या आकारास जुळणारें कुलूप असेल, तेथेंच तो थांबतो. विज्ञानांत ह्या कुलपास ‘ग्राही’ म्हणतात. आपल्या भैरवनाथाच्या यात्रेंत हजारों माणसें जमतात. तेथें एखाद्या पाहुण्यास निरोप द्यावयाचा असल्यास गर्दींत नुसतें ओरडत फिरून भागत नाहीं. तो कोणाकडे उतरला आहे हें ठाऊक असावें लागतें. पेशीवरील कुलूप म्हणजे तिचें उतरण्याचें ठिकाण होय.

चौदा अक्षरांची किल्ली, आठ अक्षरांची किल्ली

१९७३ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत सॉल्क संस्थेंत रॉजर गिल्मँ ह्यांच्या प्रयोगशाळेनें एक निरोप्या शोधून काढला. त्यास सोमॅटोस्टॅटिन म्हणतात. तो चौदा अमिनो आम्लांचा आहे. मेंदूंतील पेप्टाइड संप्रेरकांवरील संशोधनाबद्दल गिल्मँ ह्यांस १९७७ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. सोमॅटोस्टॅटिन हा निरोप्या संप्रेरकें निर्माण करणाऱ्या पेशींस ‘आतां थांबा’ असें सांगतो. आंतडीं, स्वादुपिंड, फुप्फुसें ह्यांत अशा पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यापासून कधीं कधीं न्यूरोएंडोक्राइन नांवाचा अर्बुद होतो. हा रोग विरळा आहे. परंतु त्यांतील बहुतेक अर्बुदांच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचें कुलूप फार मोठ्या संख्येनें असतें. शत्रूनें आपल्या दारावर स्वतःच पाटी लावावी तशी ही गोष्ट झाली.

मग सोमॅटोस्टॅटिनलाच औषध बांधून कां पाठवूं नये? अडचण ही कीं, रक्तांतील विकरें त्याचे तुकडे करतात. दोन-तीन मिनिटांतच त्याचा निम्मा भाग नाहींसा होतो. निरोप्या वेशीबाहेर पडण्यापूर्वींच लुटला जातो म्हणा ना. ह्यावर रसायनज्ञांनीं मोठी युक्ति केली. चौदांपैकीं कुलपांत खरोखर बसणारा भाग थोडाच आहे असें पाहून त्यांनीं आठच आम्लांची किल्ली घडविली. तिच्यांत दोन आम्लें अशीं घातलीं कीं, जीं नेहमींच्या आम्लांचीं आरशांतील प्रतिबिंबें आहेत. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातांत जसा नीट जात नाहीं, तशीं हीं उलट आम्लें विकरांच्या जबड्यांत नीट बसत नाहींत. शिवाय सांखळीचें वळें करून तिला बांधून टाकलें. बाझल येथें घडविलेल्या ह्या किल्लीचें नांव ऑक्ट्रिओटाइड. तिची माहिती १९८२ सालीं प्रसिद्ध झाली. रक्तांत तिचा निम्मा भाग नाहींसा होण्यास सुमारें दीड तास लागतो. मिनिटांचे तास झाले, आणि किल्लीस दारापर्यंत पोहोंचण्यास अवकाश मिळाला.

ट्रॉम्बेची अणुभट्टी आणि परळचें रुग्णालय

किल्ली तयार झाली. आतां तिच्याबरोबर काय पाठवावें? येथें आपणांस मुंबईकडे वळलें पाहिजे.

मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. १९६२ सालीं तें केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आलें. रुग्णालय आणि अणुऊर्जा ह्यांचा संबंध काय, असें कोणास वाटेल. परंतु त्याच संबंधाचें फळ आम्ही येथें सांगत आहों. १९६३ सालीं ह्याच परिसरांत किरणोत्सर्गी औषधांचें एक केंद्र स्थापन झालें, आणि ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र त्याचें चालक आहे.

ट्रॉम्बे येथील ‘ध्रुव’ ही अणुभट्टी १९८५ सालीं प्रथम कार्यान्वित झाली. तिच्यांत ल्युटेशियम नांवाच्या मूलद्रव्यावर न्यूट्रॉन कणांचा मारा करतात. पॅरिस नगरीचें प्राचीन नांव ल्युटेशिया. त्यावरून १९०७ सालीं शोधलेल्या ह्या मूलद्रव्यास हें नांव पडलें. ल्युटेशियम-१७६ च्या अणूनें एक न्यूट्रॉन गिळला कीं ल्युटेशियम-१७७ होतें. हा अणु अस्थिर असतो व स्थिर होतांना बीटा कण बाहेर फेंकतो. शरीरांत हे कण फार तर दोन मिलिमीटर जातात. म्हणजे ज्या पेशीवर अणु बसला ती, आणि तिच्या लगतच्या पेशी मरतात. परंतु लांबच्या पेशींस त्यांची झळ लागत नाहीं. तोफेपेक्षां हें शस्त्र किती निराळें आहे, हें येथें ध्यानांत यावें.

ल्युटेशियमचा अणु पेप्टाइडास सरळ चिकटत नाहीं. म्हणून डोटा नांवाचा एक रेणू मध्यें घालतात. हा रेणू पिंजऱ्यासारखा असून धातूच्या अणूस घट्ट धरून ठेवतो, आणि पिंजऱ्याची कडी पेप्टाइडास जोडलेली असते. किल्ली, कडी आणि पिंजरा मिळून जें औषध होतें त्याचें नांव ल्युटेशियम-१७७ डोटाटेट. त्यांतील किल्ली ऑक्ट्रिओटाइडमध्यें किंचित् फेरफार करून केलेली, आठच आम्लांची आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच भाभा केंद्रांतील रसायनज्ञांनीं तें देशांत तयार केलें, आणि परळ येथें रोग्यांस तें मिळूं लागलें. युरोपांत त्यास २०१७ सालीं व अमेरिकेंत २०१८ सालीं सरकारी मान्यता मिळाली. त्यापूर्वींच मुंबईंत ही चिकित्सा चालू होती, ही गोष्ट महाराष्ट्रीय विद्यार्थ्यांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावी.

येथें गणिताचाहि एक धडा आहे. ल्युटेशियम-१७७ चें अर्धायुष्य सुमारें ६.६५ दिवस आहे. आज १०० भाग असतील तर ६.६५ दिवसांनीं ५० राहतात, १३.३ दिवसांनीं २५, आणि सुमारें २० दिवसांनीं साडेबाराच. म्हणून हें औषध कोठारांत भरून ठेवतां येत नाहीं. भट्टींतून काढणें, शुद्ध करणें, पेप्टाइडास जोडणें, तपासणें आणि रुग्णालयास पोहोंचविणें, हें सर्व घड्याळाकडे पाहून करावें लागतें. परदेशाहून मागवितां मागवितां ज्याची शक्ति ओसरते, असें औषध देशांत निर्माण होणें किती अगत्याचें आहे, हें ह्या साध्या गणितावरून दिसून येईल.

आधीं पाहणें, मग मारणें

ह्या चिकित्सेचा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढेंच आहे. औषध देण्यापूर्वीं तीच किल्ली निराळें ओझें देऊन पाठवितात. ल्युटेशियमऐवजीं गॅलियम-६८ हा अणु जोडतात; त्याचें अर्धायुष्य ६८ मिनिटें आहे, आणि त्याच्यामुळें यंत्रांत शरीराचें चित्र उमटतें. किल्ली जेथें जेथें कुलपांत बसली तेथें तेथें चित्र उजळतें. अर्बुद उजळला तर औषध तेथें पोहोंचेल असें समजावें. न उजळल्यास ही चिकित्सा त्या रोग्याच्या उपयोगाची नाहीं. पत्ता खरा आहे कीं नाहीं हें आधीं पाहून मगच पत्र टाकावें, असा हा शहाणपणाचा मार्ग आहे.

औषध शिरेवाटे देतात. साधारणपणें आठ आठ आठवड्यांच्या अंतरानें चार वेळां. पेशी कुलपास बसलेली किल्ली आंत ओढून घेते, आणि तिच्याबरोबर ल्युटेशियमहि आंत जातें. जें पेप्टाइड कोठेंच बसत नाहीं तें मूत्रपिंडांतून गाळलें जाऊन बाहेर पडतें. परंतु मूत्रपिंडें अशीं काटकसरी आहेत कीं, गाळलेलीं पेप्टाइडें तीं पुन्हां शोषून घेऊं पाहतात, आणि त्यामुळें त्यांसच किरणांची इजा होण्याचें भय असतें. ह्यावर उपाय म्हणून लायसिन व आर्जिनिन हीं दोन अमिनो आम्लें शिरेवाटे सोडतात. मूत्रपिंडें तीं शोषण्यांत गुंततात, आणि किरणोत्सर्गी पेप्टाइड निसटून जातें. हाडांच्या मगजासहि थोडा त्रास होतो, म्हणून रक्त वारंवार तपासावें लागतें.

ह्याचें फळ काय? २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आंतड्यांच्या अशा कर्करोगाचे २२९ रोगी युरोप व अमेरिकेंतून घेतले होते. वीस महिन्यांच्या सुमारास ज्यांचा रोग वाढला नव्हता असे रोगी, पेप्टाइडयुक्त ल्युटेशियम मिळालेल्या गटांत शेंकडा ६५ च्या आसपास होते; केवळ ऑक्ट्रिओटाइड मोठ्या प्रमाणांत मिळालेल्या गटांत शेंकडा ११ च्या आसपास. मात्र पुढें २०२१ सालीं एकूण आयुष्याचा हिशेब झाला, तेव्हां पहिल्या गटाचें आयुष्य मध्यमानानें ४८ महिने व दुसऱ्याचें ३६ महिने भरलें. आणि संख्याशास्त्राच्या कसोटीस हा फरक पुरता उतरला नाहीं. रोग दीर्घकाळ आवरतां येतो, परंतु तो समूळ गेला असें सहसा म्हणतां येत नाहीं. विज्ञान आपल्या यशाबरोबर आपली मर्यादाहि सांगतें.

किरणांऐवजीं औषध

पेप्टाइडास किरणोत्सर्गी अणूऐवजीं रासायनिक औषध बांधण्याचेहि प्रयत्न पुष्कळ झाले आहेत. १९९८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं डॉक्सोरुबिसिन हें जुनें औषध अशा पेप्टाइडांस जोडलें कीं, जीं अर्बुदाकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांवरील कुलपें ओळखतात. त्यांतील एका पेप्टाइडाचा खरा पत्ता आर्जिनिन, ग्लायसिन व ॲस्पार्टिक आम्ल ह्या तीनच अक्षरांचा होता. उंदरांत हें औषध सुट्या डॉक्सोरुबिसिनपेक्षां अधिक गुणकारी आणि कमी विषारी ठरलें.

तथापि उंदरांत साधलें तें मनुष्यांत साधतेंच असें नाहीं. औषध व पेप्टाइड ह्यांस जोडणारा दुवा रक्तांत तुटतां कामा नये, आणि पेशीच्या आंत गेल्यावर तुटलाच पाहिजे. रक्तांतच तुटला तर विष सर्वत्र पसरतें. कोठेंच तुटला नाहीं तर औषध बांधलेलेंच राहतें. शिवाय तेंच कुलूप निरोगी पेशींवरहि थोडेंफार असतें, आणि अर्बुदाच्या अगदीं गाभ्यांत औषध पोहोंचणें अवघड असतें. म्हणून ‘पेप्टाइडानें सर्व कर्करोग बरे होतात’ असें कोणी सांगूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. किल्ली कितीहि सुंदर असली तरी ती आपल्याच कुलपास लागते.

आपल्या भागास ह्यांतून काय घ्यावयाचें

पालकांपैकीं कोणी विचारतील कीं, मुंबईच्या अणुभट्टीची कथा सोनारीच्या लोकांनीं कां ऐकावी? आपल्या भागांत जे कर्करोग नेहमीं आढळतात, म्हणजे स्त्रियांचे गर्भाशयमुखाचे व स्तनाचे, आणि तंबाखूमुळें होणारे तोंडाचे, त्यांवर ल्युटेशियमची ही किल्ली चालत नाहीं. हें खरें आहे. परंतु ‘आधीं पाहणें’ हें जें ह्या चिकित्सेचें तत्त्व, तें जगास मोठ्या प्रमाणावर शिकविण्यांत आपल्याच जिल्ह्याचा वांटा आहे.

१९८७ सालीं बार्शी येथें ग्रामीण भागांतील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशांतील ह्या प्रकारची ती पहिली नोंदवही; आणि बार्शी व भूम ह्यांच्याबरोबर आपला परांडा तालुकाहि तिच्यांत होता. पुढें १९९९ सालापासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था ह्यांनीं मिळून, तेव्हांच्या उस्मानाबाद व आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची पाहणी केली. त्यांचे चार गट केले होते. ज्या गटांत मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी आयुष्यांत एकदांच झाली, त्यांतील ३४,१२६ स्त्रियांपैकीं आठ वर्षांत ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें गेल्या. ज्या गटास नेहमींचीच व्यवस्था होती, त्यांतील ३१,४८८ पैकीं ६४ गेल्या. २००९ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले, आणि एका चाचणीनें मृत्यु निम्म्यावर येतात हें जगानें मान्य केलें.

वाचकहो, चौतीस आणि चौसष्ट हे नुसते आंकडे नव्हेत. त्या आपल्याच जिल्ह्याच्या गांवांतील माता होत्या. त्यांच्यामुळें जें ज्ञान जगास मिळालें, तें आपल्याच घरांत न वापरलें जावें ह्यापेक्षां मोठी कृतघ्नता कोणती? आपल्याकडे गांठ हातास लागली तरी महिनोन् महिने कोणास सांगत नाहींत. तोंडांतील चट्टा दुखत नाहीं म्हणून तसाच राहूं देतात. आई आपलें दुखणें शेतीच्या हंगामामागें, मुलीच्या लग्नामागें ढकलीत राहते. संकोचामुळें व भीतीमुळें गेलेले दिवस कोणतेंहि पेप्टाइड परत आणूं शकत नाहीं.

म्हणून मुलांनो, तुमच्याकडून आम्ही दोन गोष्टींची अपेक्षा करतों. आज घरीं गेल्यावर ह्या लेखांतील धाराशिवची हकीकत आपल्या आईस व आजीस वाचून दाखवा. तपासणीस जाण्यास त्यांना धीर द्या, आणि स्वतः तंबाखूस कधीं शिवूं नका. दुसरी गोष्ट दूरची आहे. रसायनशास्त्राचा तास आला म्हणजे हीं सूत्रें केवळ परीक्षेसाठीं आहेत असें मानूं नका. ज्या कर्करोगांच्या कुलपांस अजून किल्ली मिळालेली नाहीं, अशीं कुलपें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एखादी किल्ली परांडा तालुक्यांत शिकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातून घडूं नये, असें कोठेंहि लिहून ठेवलेलें नाहीं.